सोन्याचं सोल लाल होण्याऐवजी जांभळं का पडतं? शोषणाच्या आलेखातलं ५२० नॅनोमीटरचं पीक (माथा) सरकलं किंवा रुंदावलं तर काय तपासायचं

तक्रार साधारण तीन रूपांत येते. पहिली: सायट्रेट पद्धतीनं सोन्याचे नॅनोकण केले, मागच्या वेळी गर्द लाल रंग आला होता, या वेळी तीच कृती करून जांभळा आला. दुसरी: सोल, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या या कणांचा द्रव, लालच होतं, पण बफर घातल्यावर किंवा सेंट्रिफ्यूज केल्यावर निळं-करडं झालं. तिसरी: सोल दिसायला उत्तम आहे, पण गुस्ताव मी यांच्या सिद्धांतावरून (गोल कण किती प्रकाश शोषतो आणि विखुरतो याचं गणित) काढलेला आलेख प्रयोगाच्या आलेखावर बसत नाही.

तिन्ही वेळा हात आधी त्याच गोष्टीकडे जातो, सगळं ओतून नवीन बॅच लावण्याकडे. तसं करू नका. बिघडलेल्या सोलचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो याचा आलेख, हाच बिघाडाचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. तो वाचायच्या आधीच सोल फेकलं, तर पुढच्या बॅचमध्ये तीच चूक पुन्हा होते, आणि क्लोरोऑरिक आम्लाची छोटी बाटली काय भावानं येते हे सांगायला नको.

तुलनेसाठी आधी एक ठरलेली कृती

टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली मांडलेली आणि फ्रेन्सनं १९७३ साली कणांचा आकार बदलता येईल अशी केलेली ही पद्धत. १३ नॅनोमीटर व्यासाच्या कणांसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं प्रमाण असं: १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल १०० मिली, चांगलं खळखळून उकळत आणि जोरात ढवळत असताना त्यात ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेट १० मिली, एका दमात. त्यानंतर १० ते १५ मिनिटं उकळणं, मग हीटर बंद करून ढवळतच थंड करणं. वजनात सांगायचं तर ट्रायहायड्रेट रूपातलं क्लोरोऑरिक आम्ल ३९.४ मिलिग्रॅम आणि डायहायड्रेट रूपातलं सायट्रेट ११४ मिलिग्रॅम.

रंगांचा क्रम: फिकट पिवळा, मग जवळजवळ बिनरंगी, मग काळपट निळा, मग जांभळा आणि शेवटी लाल. मधला काळपट निळा टप्पा पाहून घाबरून हीटर बंद करणारे बरेच आहेत. तो टप्पा यायलाच हवा. तिथे थांबलात तर सोल जांभळंच राहील.

हे सोल नीट झालं तर पीक ५१९ ते ५२० नॅनोमीटरवर येतं. ६५० नॅनोमीटरचं शोषण ५२०च्या शोषणाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकं किंवा त्याहून कमी असतं. पीकच्या उंचीची ४५० नॅनोमीटरच्या शोषणाशी तुलना केली, तर पीक सुमारे १.५५ ते १.६ पट भरतं. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचं सगळं निदान त्यांच्याशी ताडूनच करायचं आहे.

पीक ५२०लाच का येतं, आणि त्यावरून काय कळतं

कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल, तर त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर सगळे एकदम झुलतात. या झुलण्याला जिथे सर्वाधिक जोर येतो तिथे रेझोनन्स, म्हणजे अनुस्पंदन होतं. गोल कणासाठी त्याची अट सुटसुटीत आहे: धातूच्या विद्युतपारगम्यतेचा (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याच्या मापाचा) वास्तव भाग हा भोवतालच्या माध्यमाच्या पारगम्यतेच्या उणे दुप्पट हवा. पाण्यासाठी ती १.७७, म्हणजे सोन्याची हवी उणे ३.५४. जॉन्सन आणि क्रिस्टी यांच्या १९७२च्या मोजमापांत सोनं हा आकडा ५१५ नॅनोमीटरच्या आसपास गाठतं. पण नेमका याच पट्ट्यात सोन्याचा काल्पनिक भाग, म्हणजे ऊर्जा खाणारा भाग, लांब तरंगलांबीकडे झपाट्यानं उतरत असतो. त्यामुळे प्रत्यक्ष पीक थोडं पुढे, ५२०जवळ दिसतं.

या अटीत कणाचा व्यास कुठेच नाही, आणि निदानाची किल्ली हीच आहे. १० नॅनोमीटरचा कण २० नॅनोमीटरचा झाला तरी पीक जेमतेम काही नॅनोमीटर हलतं. पाण्यातल्या सुट्या गोल कणांसाठी अंदाजे आकडे असे: २० नॅनोमीटर व्यासाला ५२४, ६०ला ५४०, ८०ला ५५३, १००ला ५७२. म्हणून १३ नॅनोमीटरच्या कृतीतून ५६०चं पीक आलं आणि त्यावर कोणी ‘कण जरा मोठे झाले असतील’ म्हणालं, तर ते मान्य करू नका. तिथे जायला कण ८० नॅनोमीटरच्या पुढचे लागतात, आणि तेवढे कण असतील तर सोल बाजूनं पाहताना गढूळ तपकिरी दिसेल. तसं दिसत नसेल तर कण मोठे झालेले नाहीत, एकमेकांना चिकटले आहेत.

चिकटल्यावर असं का होतं? दोन कण जवळ आले की एकाच्या झुलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं क्षेत्र दुसऱ्यावर पडतं आणि जोडीच्या अक्षाच्या दिशेचं झुलणं मंदावतं, म्हणजे लांब तरंगलांबीकडे जातं. हा परिणाम अंतराबरोबर फार लवकर ओसरतो. कणाच्या व्यासाच्या सुमारे ०.२ पट अंतर वाढलं की तो जवळपास एक तृतीयांश उरतो. १३ नॅनोमीटरच्या कणासाठी हे अंतर अडीच नॅनोमीटरच्या घरात येतं. याचा एक फसवा परिणाम आहे. कणांवर प्रथिनाचा जाड थर असेल, तर ते गुच्छ करून तळाशी बसले तरी रंग लालच राहू शकतो. रंग लाल म्हणजे सोल ठीक, असं प्रथिन चढवलेल्या कणांबाबत समजू नये.

स्पेक्ट्रम घेतानाच होणाऱ्या चुका

वरच्या कृतीतलं सोल बिनपातळ केलेलं मोजलं तर ५२०ला शोषण ३.६च्या आसपास जातं. बहुतेक महाविद्यालयांतल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये २च्या वर भटक्या प्रकाशामुळे आकडा भरवशाचा राहत नाही. पीकचा माथा सपाट होतो, कडा रुंद दिसतात, आणि उत्तम सोलला नापास केलं जातं. पाच पट पातळ करा, शोषण ०.७च्या आसपास यायला हवं. पातळ करायला डीआयोनाइज्ड पाणीच घ्या, शक्यतो त्यात थोडं सायट्रेट घालून. नळाचं पाणी चुकूनही नको, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःच कण जोडतात.

डोळ्यांवरही विसंबू नका. शंभर मिलीचं दाट सोल बीकरमध्ये काळपट जांभळंच दिसतं. चमचाभर सोल पाण्यात मिसळून पांढऱ्या कागदावर धरल्याखेरीज रंग ठरवू नये.

पट्टा ४०० ते ८०० नॅनोमीटर पूर्ण घ्या, पायरी १ नॅनोमीटरची ठेवा. फक्त ५००–६०० घेऊन पाठवलेल्या आलेखावरून निदान होत नाही, कारण खरी बातमी लाल टोकाला असते. पीक २–३ नॅनोमीटरनं सरकलंय अशी शंका असेल, तर आधी उपकरणच होल्मियमच्या काचेवर तपासा. तिची एक तीक्ष्ण रेषा ५३६ नॅनोमीटरजवळ असते. ती हललेली असेल तर तुमचं सोल निर्दोष आहे.

४०० नॅनोमीटरचं शोषण हा फार उपयोगी आणि फार दुर्लक्षित आकडा आहे. तिथे सोन्याच्या अंतर्गत ऊर्जापट्ट्यांमधलं शोषण चालतं, रेझोनन्स नव्हे, त्यामुळे ते कण गोल आहेत की चिकटलेले याची फारशी पर्वा करत नाही, एकूण धातुरूप सोनं किती ते सांगतं. १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या चौकोनी नळीत) ०.५ मिलिमोलर सोन्याला १.२. आपल्या सोलमध्ये ११० मिलीत मिळून ०.९१ मिलिमोलर सोनं आहे, म्हणजे पाच पट पातळ केल्यावर ०.४४ यायला हवं. ०.३०च आलं, तर सुमारे एक तृतीयांश सोनं एकतर क्षपित झालेलं नाही (लवणातून धातूत आलेलं नाही), भांड्याच्या काचेला चिकटलं आहे, किंवा वजन करतानाच कमी घेतलं गेलं आहे.

आलेखाचा आकार वाचणे

पीक सरकलं पण अरुंद राहिलं आणि ६५०ला जवळजवळ काही नाही: कण सुटे आहेत, फक्त मोठे आहेत. सायट्रेट कमी पडलं.

पीक ५२०लाच आहे पण ६०० ते ७०० मध्ये खांदा उठला: काही कण चिकटलेत, बाकीचे ठीक. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा बिघाड हाच, आणि ६५० भागिले ५२० हे गुणोत्तर त्याचं माप. ते ०.२च्या वर गेलं की काहीतरी घडतंय असं समजा.

एकच रुंद ढिगारा, माथा ५५०च्या पुढे, ८००पर्यंत लांब शेपूट: पूर्ण गठ्ठे झाले, किंवा वाढीच्या वेळीच कण वेडेवाकडे झाले. दोन्हींतला फरक ओळखायला सोल २४ तास तसंच ठेवा. गठ्ठे खाली बसतात आणि वरचा द्रव फिकट होतो, वेडेवाकडे पण सुटे कण तसेच तरंगत राहतात.

आकार जसाच्या तसा, पण २ ते ५ नॅनोमीटर पुढे: कणावर काहीतरी चढलं, भोवतालचा अपवर्तनांक वाढला. प्रतिपिंड किंवा इतर प्रथिन जोडताना हे दिसलं तर आनंद माना, जोडणी झाली आहे.

पीक बसकं, रुंद, ५१०च्या आसपास, रंग तपकिरीकडे झुकलेला: कण ५ नॅनोमीटरहून लहान आहेत. इतक्या लहान जागेत इलेक्ट्रॉन सारखे पृष्ठभागावर आदळतात आणि झुलणं लवकर विझतं.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. पीक रुंद दिसलं की ‘आकारांत फार विविधता आहे’ असा निष्कर्ष प्रबंधांत सर्रास लिहिला जातो. पण ३० नॅनोमीटरच्या खालच्या गोल कणांत आकार बदलला तरी पीकची जागा हलत नाही हे वर पाहिलंच. मग ८, १२ आणि १८ नॅनोमीटरचे कण मिसळूनही पीक फारसं रुंद होऊ शकत नाही. रुंदी आली तर संशय चिकटण्यावर किंवा बिगर-गोल आकारांवर घ्यायचा. आणि रुंदी मोजताना पूर्ण रुंदी घेऊ नका, कारण निळ्या बाजूला अंतर्गत शोषणाची पायरी आहे, तिथे अर्धी उंची कधी सापडतच नाही. लाल बाजूची अर्धी रुंदी मोजून दुप्पट करा.

बॅच जन्मतःच जांभळी असेल तर

पहिला संशयित भांडं. काचेवर किंवा चुंबकाच्या कांडीवर आधीच्या बॅचचं सोनं उरलं असेल, तर नवं सोनं त्याच्यावरच वाढतं आणि वेडेवाकडे, मोठे कण तयार होतात. चुंबकाच्या कांडीचं पांढरं आवरण जांभळट दिसत असेल तर ती कांडी या कामाला वापरू नका. भांडी ताज्या अम्लराजानं धुवावीत: तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक, एक भाग संहत नायट्रिक, फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि गॉगल घालून. अर्धा तास ठेवून पाण्यानं सहा-सात वेळा खळबळवा. अम्लराज बाटलीत बंद करून ठेवू नये, वायू सुटत राहतात आणि बाटली फुटते. भांडं आधी ॲसिटोननं धुतलं असेल तर ते पूर्ण उडून गेल्याखेरीज अम्लराज घालू नये. आणि धुण्यातला शेवटचा थेंबही सोलमध्ये जाऊ देऊ नका, त्यातलं आम्ल पीएच पाडतं.

दुसरा संशयित वजन. क्लोरोऑरिक आम्ल हवेतलं पाणी ओढतं. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात उघडी बाटली तराजूजवळ पाच मिनिटं ठेवली तर स्फटिक ओलसर गोळा होतात, आणि ३९ मिलिग्रॅमपैकी सोनं किती आणि पाणी किती हे सांगता येत नाही. उपाय असा की बाटली एकदाच उघडायची, बाटलीतलं सगळं एकदम पाण्यात विरघळवून त्याचा साठा द्रव करायचा आणि पुढे मिलीमध्ये मोजायचं. हा द्रव काचेच्या गडद बाटलीत, थंड जागी ठेवा. स्टीलचा चमचा वापरू नका, लोखंड स्वतःच सोन्याचं क्षपण करतं आणि चमच्यावर काळा डाग येतो. प्लास्टिकचा किंवा काचेचा घ्या.

सायट्रेटच्या बाटलीवरचं नाव पूर्ण वाचा. सायट्रिक आम्ल आणि ट्रायसोडियम सायट्रेट शेजारी शेजारी असतात, आणि आम्ल घेतलं गेलं तर लाल सोल येतच नाही. डायहायड्रेटचा रेणुभार २९४.१, निर्जलचा २५८.१. एकाच्या जागी दुसरं धरलं तर प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास चुकतं. त्यानं सोल मरत नाही, पण दोन बॅच जुळत नाहीत. सायट्रेटचा द्रव त्याच दिवशी करा. खोलीत ठेवलेल्या द्रवात आठवड्याभरात बुरशीचे धागे दिसू लागतात, आणि ते धागे गाळून वापरणं हा उपाय नाही.

सायट्रेटचं प्रमाण किती बोलकं असतं याचा अंदाज फ्रेन्सच्या आकड्यांवरून येतो. वजनानं ०.०१ टक्के सोन्याचं लवण असलेल्या ५० मिली उकळत्या द्रावणात १ टक्का सायट्रेट १ मिली घातलं तर कण १६ नॅनोमीटरचे, ०.५ मिली घातलं तर ४१चे, ०.३ मिली घातलं तर ७१.५चे. म्हणजे पिपेटचं टोक नीट बसलं नाही आणि थोडं कमी पडलं, तरी कण जाडावतात.

ओतण्याची रीत: सायट्रेट थेंबाथेंबानं घालू नये. सगळे अंकुर एकाच वेळी फुटले तरच कण एकसारखे होतात. आणि उकळी खरी हवी. हॉटप्लेटवरचा आकडा १०० दाखवतो म्हणजे द्रव १००ला आहे असं नव्हे, बुडबुडे सतत वर यायला हवेत. उभा कंडेन्सर लावा. उघड्या बीकरमध्ये पंधरा मिनिटांत बरंच पाणी उडून जातं, संहती वाढते आणि त्याबरोबर सायट्रेटचे क्षारही वाढतात.

आधी लाल होतं, नंतर बिघडलं

इथे दोषी जवळजवळ नेहमी मीठ असतं. सायट्रेट चढलेले कण ऋण प्रभारामुळे एकमेकांना दूर ठेवतात, आणि हा प्रभार पाण्यात किती लांबवर जाणवतो ते क्षारांवर ठरतं. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात सुमारे ९.६ नॅनोमीटर, १० मिलिमोलरमध्ये ३, १०० मिलिमोलरमध्ये १ नॅनोमीटरहून थोडं कमी. १ नॅनोमीटरच्या ढालीमागे कण एकमेकांना थोपवू शकत नाहीत. पीबीएस या फॉस्फेट आणि मीठ असलेल्या नेहमीच्या बफरमध्ये एकटं सोडियम क्लोराइडच १३७ मिलिमोलर असतं. उघड्या सायट्रेट सोलमध्ये पीबीएस घातलं की ते काही सेकंदांत निळं होणारच, त्यात सोलचा काही दोष नाही. कणावर आवरण आधी चढवा, बफर नंतर. आवरण चढवताना २ ते ५ मिलिमोलरचा पातळ बोरेट किंवा फॉस्फेट बफर पुरतो.

आपलं सोल किती मीठ सोसतं हे एकदा मोजून ठेवावं. आठ नळ्यांत प्रत्येकी ९०० मायक्रोलिटर सोल घ्या. प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर मिठाचं पाणी घाला, संहती ०, १००, २००, ३००, ४००, ६००, ८०० आणि १००० मिलिमोलर. नळीत ती दहाव्या हिश्शावर येते, आणि सगळ्या नळ्या सारख्याच पातळ झाल्यामुळे तुलना सरळ होते. दहा मिनिटांनी ६५० भागिले ५२० काढा. उघडे सायट्रेट कण काही दशक मिलिमोलरमध्येच कोसळतात. मागच्या महिन्यात ४०ला टिकणारी बॅच आज २०ला कोसळली, तर रंग अजून लाल असला तरी ती वापरू नये.

प्रथिन जोडण्यासाठी हीच चाचणी उलटी करायची. प्रत्येक नळीत प्रथिन वाढत्या प्रमाणात, मग सगळ्यांत मीठ शेवटी १ टक्का होईल इतकं. ज्या नळीपासून रंग लाल टिकतो ते किमान प्रमाण, प्रत्यक्ष कामात त्याहून थोडं जास्त घ्यायचं. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती अशाच, साधारण ४० नॅनोमीटरच्या, प्रतिपिंड चढवलेल्या सोन्याच्या कणांची असते. पट्टी करताना पीएच प्रथिनाच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला त्याचा एकूण प्रभार शून्य होतो त्याच्या) जरा वर ठेवतात, पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रवानं. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड उघड्या सोलमध्ये बुडवू नका. त्याच्या टोकातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, तिथेच कण जमतात आणि इलेक्ट्रोड तुंबतो. पीएच पट्टीवर थेंब टाका.

सिस्टिअमिनसारखी, एका टोकाला गंधक आणि दुसऱ्या टोकाला धन प्रभार असलेली रसायनं कणांचा ऋण प्रभार पुसून त्यांना जोडतात, सोल तत्काळ निळं होतं. मेलामाइनचंही तेच. प्रभार नसलेले लहान थायॉल (सोन्याला धरणारी गंधकाची संयुगं) सायट्रेटला हुसकावतात आणि त्याच्या जागी काहीच ढाल देत नाहीत. अशा जोडण्यांत क्रम आणि पीएच दोन्ही पुन्हा पाहा, सोल नवीन करून काही बदलणार नाही.

सेंट्रिफ्यूज: १३ नॅनोमीटरसाठी १३,००० ते १५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत), २० ते ३० मिनिटं. तळाला तेलासारखा गडद लाल, सैल थेंब दिसला पाहिजे. काळा, चमकदार, काचेला घट्ट चिकटलेला डाग दिसला तर गती किंवा वेळ जास्त झाली, आणि तो परत सुटणार नाही, अल्ट्रासोनिक टाकीत कितीही ठेवला तरी. वरचा द्रव शेवटच्या थेंबापर्यंत काढू नका. आणि शुद्ध पाण्यानं तीन-तीनदा धुऊ नका. सायट्रेट हीच त्या कणांची ढाल आहे, ती धुतली की कण चिकटतात. १ ते २ मिलिमोलर सायट्रेटच्या पाण्यात धुवा.

फ्रिजमध्ये ४ अंशांवर, अंधारात सोल कित्येक महिने टिकतं. मात्र फ्रिजच्या मागच्या थंड भिंतीला बाटली टेकली आणि गोठली, तर संपलं. बर्फ तयार होताना कण आणि क्षार उरलेल्या पाण्यात दाबले जातात आणि कायमचे जुळतात. वितळल्यावर बिनरंगी पाण्यात काळे कण दिसले तर हेच झालेलं आहे.

नॅनोरॉड, म्हणजे सोन्याचे दांड्यासारखे कण, करणाऱ्यांसाठी एवढंच: दोन पीक असणं तुमच्याकडे स्वाभाविक आहे, एक ५१०–५२०ला आडवं, दुसरं ७००च्या पुढे लांबीच्या दिशेचं. पण थंडीत किंवा एसीच्या खोलीत सगळा आलेखच वर उचलला गेला, तर आधी बाटली ३० अंशांच्या पाण्यात ठेवा. रॉडभोवतीच्या सीटॅब या साबणासारख्या रसायनाचे स्फटिक २५ अंशांच्या खाली बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतात, रॉडचा त्यात दोष नसतो.

लेझरची झटपट चाचणी आणि डीएलएसचा घोळ

शोषण व्यासाच्या तिसऱ्या घातानं वाढतं, विखुरणं सहाव्या. १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात, पीकवर, एकूण जो प्रकाश अडतो त्यातला विखुरलेला हिस्सा पाचशेत एक इतका असतो. बाकी सगळा कणात उष्णता होऊन जिरतो. ८० नॅनोमीटरच्या आसपास विखुरणं आणि शोषण बरोबरीला येतात. म्हणून पातळ सोलमध्ये साधा लाल लेझर पॉइंटर बाजूनं पाहा. चांगल्या १३ नॅनोमीटरच्या सोलमध्ये रेघ अगदी पुसट असते. ठळक लाल रेघ दिसली तर मोठे कण किंवा गठ्ठे आहेत, स्पेक्ट्रममध्ये खांदा उठण्याआधीच. हिरवा लेझर या कामाला नको, ५३२ नॅनोमीटर हे कण स्वतःच गिळतात. लेझरची किरणं डोळ्यात जाणार नाहीत अशी मांडणी करा.

याच सहाव्या घातामुळे डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या उपकरणाचा) निकाल चकवतो. १३० नॅनोमीटरचा एक गठ्ठा १३ नॅनोमीटरच्या १० लाख कणांइतका प्रकाश टाकतो. डीएलएसनं ‘सरासरी ७० नॅनोमीटर’ म्हटलं आणि टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सगळे १३चे दिसले, तर दोन्ही उपकरणं खरंच सांगत आहेत, मूठभर गठ्ठे किंवा धूळ आहे एवढाच अर्थ. पाणी आणि बफर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या, सोल नको, कारण काही फिल्टर कणच धरून ठेवतात.

गणित जुळत नसेल तर

गुस्ताव मी यांनी १९०८ साली गोल कणांसाठी दिलेलं उत्तर नेमकं आहे. चूक बहुधा त्याला पुरवलेल्या आकड्यांत असते.

सर्वांत जास्त दिसणारी खूण म्हणजे पीकला पडलेला कोन. जॉन्सन-क्रिस्टीच्या तक्त्यात ५०० नॅनोमीटरच्या भागात नोंदी फक्त ४९६, ५२१ आणि ५४९ला आहेत. त्यांच्यामध्ये सरळ रेघा ओढल्या तर नेमक्या ५२१ला कोपरा येतो आणि पीक तिथेच अडकून राहतं, माध्यम बदललं तरी. ऊर्जेच्या अक्षावर गुळगुळीत स्प्लाइन (बिंदूंतून जाणारा सलग वक्र) वापरा.

शोषण ऋण आलं तर चिन्हाची चूक आहे. काही संगणक-कोडना अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग अधिक लागतो, काहींना उणे. पीक ५०५च्या आसपास आणि फार बुटकं आलं तर माध्यम हवेचं राहून गेलं आहे, पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ घाला. पीक योग्य जागी, पण उंची आठ पट आली तर त्रिज्येच्या जागी व्यास गेला आहे. उंची २.३ पट आली तर नैसर्गिक लॉगरिथमवरून दशमानात आणायचं राहिलं: शोषण म्हणजे दर घनफळातली कणसंख्या गुणिले छेदक्षेत्र (एक कण जेवढ्या क्षेत्रावरचा प्रकाश अडवतो ते) गुणिले लांबी, भागिले २.३०३.

स्वतःचा कोड तपासायला हातानं काढता येईल असा एक आकडा: १३ नॅनोमीटर व्यास, पाण्यात, ५२० नॅनोमीटरला, विलोपन कार्यक्षमता (कणाच्या भौमितिक छेदाच्या किती पट प्रकाश अडतो ते) ०.८च्या आसपास, म्हणजे छेदक्षेत्र १०० ते ११० चौरस नॅनोमीटर. प्रयोगातून मिळणारा मोलर शोषणांक २.७ गुणिले १०चा आठवा घात, प्रति मोलर प्रति सेंटीमीटर, हाही १०३ चौरस नॅनोमीटरच देतो. तुमचा कोड यापासून १०-१५ टक्क्यांत असेल तर तो बरोबर आहे.

एवढं होऊनही गणितातलं पीक प्रयोगापेक्षा थोडं उंच आणि अरुंद उरतं. सोन्यात इलेक्ट्रॉनचा मुक्त पल्ला सुमारे ४० नॅनोमीटर आहे, कण त्याहून लहान आहे, त्यामुळे ठोकळ्याच्या सोन्यावर मोजलेले आकडे इथे तसेच चालत नाहीत. मुक्त इलेक्ट्रॉनांच्या घर्षणात फर्मी वेग भागिले त्रिज्या ही भर घालायची, वेग १.४ गुणिले १०चा सहावा घात मीटर प्रति सेकंद, पुढचा गुणक १च्या आसपास धरून. ही भर फक्त मुक्त इलेक्ट्रॉनांच्या भागातच करायची. आधी मूळ आकड्यांतून ड्रूड भाग (मुक्त इलेक्ट्रॉनांचा वाटा) वजा करायचा, घर्षण वाढवून तो परत मिळवायचा. सरळ संपूर्ण काल्पनिक भाग वाढवला तर ४०० नॅनोमीटरचं शोषणही फुगतं, आणि तिथला आकडा तर सोनं मोजायला आपल्याला जसाच्या तसा हवा आहे.